धुतल्यावर न गेलेलं पीठ

त्या वर्षी पाऊस आला नाही, तेव्हा सरकारला दया आली. दया आली ती दळूनच आली. शिक्के मारलेल्या पोत्यांतून तयार पीठ घरोघर वाटलं गेलं आणि गावातली एकुलती एक गिरणी बंद पडली. गिरणीवाला स्वतःही त्या पिठाच्या रांगेत उभा राहिला. पुढच्या-मागच्यांनी त्यावर जे विनोद करायचे ते केले. आपल्या वाट्याचं पीठ त्यानं चिमटीत धरून बोटांवर चोळून पाहिलं. जाड होतं. फुकटच्या पिठाला नावं ठेवायची नसतात, ठेवली तरी ती गिरणीवाल्यानं तर नाहीच.

गिरणी बंद पडल्याचा एक परिणाम कुणाच्या ध्यानात यायला वेळ लागला. गिरणीवाला स्वच्छ झाला.

एरवी तो सकाळी अंघोळ करून निघायचा आणि तासाभरात पांढरा व्हायचा. भुवया, कानाच्या पाळ्या, हातावरची लव, मानेच्या वळ्या, सगळीकडे पीठ. संध्याकाळी पंच्यानं अंग झटकलं की झालं. त्याच्या बायकोनं लग्नापासून त्याला दिवसाउजेडी असा मूळ रंगात कधी नीट पाहिलंच नव्हतं. आता तो दिवसभर घरात बसू लागला आणि बायकोला नवरा दिसू लागला. ही गोष्ट वाटते तितकी सुखाची नसते.

एका सकाळी ती त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती.

"अहो, कोपराला पीठ राहिलंय."

"कसलं पीठ? गिरणीला कुलूप लागून किती दिवस झाले?"

"मग हे काय आहे?" तिनं ओल्या अंगठ्यानं चोळलं. गेलं नाही. काथ्या घेतला. तरी गेलं नाही. मग तिला मनगटाभोवती दिसलं, बोटांच्या पेरांवर दिसलं, ओठाच्या कडेला तांदळाएवढं दिसलं. "वन्सं, जरा इकडं या हो."

वन्सं म्हणजे गिरणीवाल्याची थोरली बहीण, आक्का. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहत होती आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीवर शेवटचं मत तिचं असे. तिनं पदर खोचला, भावाचा हात उजेडात धरला आणि निकाल दिला.

"मुरलंय."

"काय मुरलंय?"

"पीठ. इतकी वर्षं रोज अंगावर पडतंय, ते जाणार कुठं? आपल्या बापाच्या छातीत मुरलं, त्याला खोकला झाला. तुझ्या कातडीत मुरलं. खरवडून काढावं लागेल."

यात हसण्यासारखं काही नव्हतं. बापाच्या छातीत पीठ मुरलं होतं हे घरातल्या सगळ्यांनी रात्र-रात्र ऐकलेलं होतं. छातीत मुरतं ते कातडीत का मुरू नये? शिवाय ही बातमी बरी होती. मळ आहे म्हटल्यावर तो निघतो.

तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीत काम सुरू झालं. आधी काथ्या. मग विटेचा तुकडा. मग टाचा घासायची वजरी. घासायची बायको, देखरेख आक्काची. गिरणीवाला दगडावर बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. माणूस रिकामा असला की त्याला घरचे काहीही करू शकतात, आणि तो नाही म्हणत नाही. कातडी लाल व्हायची, कुठं रक्त यायचं, खपली धरायची. खपली पडली की खाली नवा पांढरा डाग असायचा.

"बघ," आक्का म्हणायची. "आतलं वर यायला लागलंय."

उन्हाळा असा गेला. जेवढं घासावं तेवढं पांढरं वाढत गेलं आणि जेवढं वाढत गेलं तेवढा घरच्यांना हुरूप येत गेला.

गिरणीच्या ओट्यावर गावातली सगळ्यात चांगली सावली होती. तिथं निवृत्त मास्तर रोज येऊन पेपर वाचत. गिरणी चालू असो वा बंद, मास्तर चालू असत. एके दिवशी गिरणीवाला झाडलोटीसाठी कुलूप काढायला वाकला आणि मास्तरांनी चष्मा वर केला.

"हात बघू. लांबूनच दाखव."

त्यानं दाखवला.

"पीठ नाही हे."

"मुरलेलं आहे मास्तर. निघतंय हळूहळू."

"अरे गाढवा, कोड आहे हे. कोड. मासे खाऊन वर दूध प्यायला होतास का कधी?"

"मासा मी पाहिलाय तो तुमच्याच वर्गातल्या तक्त्यावर."

"मग दुसरं काहीतरी खाल्लं असशील," असं म्हणून मास्तरांनी आपली खुर्ची ओट्याच्या पार दुसऱ्या टोकाला नेली. सावली तिथंही होती, म्हणून ते गावात दुसरीकडे कुठं गेले नाहीत. बातमी मात्र सगळीकडे गेली.

त्या दिवशी घरी कुणी वजरीला हात लावला नाही. आक्का एवढंच म्हणाली, "त्याला काय कळतंय?" पण ते नेहमीच्या आवाजात म्हणाली नाही.

शहरातल्या सरकारी दवाखान्यात कातडीची डॉक्टर आठवड्यातून एकदा बसायची. नवराबायको तिथं गेले. डॉक्टर तरुण होती, तिचा घसा बसलेला होता, आणि समोरच्या रांगेकडे पाहून ती भरभर बोलत होती. तिनं खोलीतला दिवा मालवून एक जांभळा दिवा हातावर धरला. डाग अंधारात खडूनं काढल्यासारखे उठून दिसले.

"कोड आहे," ती म्हणाली. "आणि हे ओरखडे कसले?"

"वजरीचे," बायको म्हणाली.

"वजरीचे?"

"आम्हाला वाटलं पीठ मुरलंय. गिरणी आहे ना आमची."

डॉक्टरनं दिवा लावला. हसू आलं होतं ते तिनं खोकल्यात घालवलं. "हे बघा. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. रंगारी समजा. आणि अंगात रोगाशी लढणारे पहारेकरीही असतात. काही माणसांत या पहारेकऱ्यांची चूक होते. ते घरच्याच रंगाऱ्याला चोर समजून मारतात. रंगारी मेला की तेवढी जागा पांढरी राहते. एवढंच आहे हे. पिठानं नाही, माशानं नाही, दुधानं नाही, कुणाच्या पापानं नाही."

"पण त्यांची चूक का होते?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"काहींच्या घराण्यात असतं. काहींचं नीट सांगता येत नाही. मात्र कातडीला जखम झाली, घासली, सोलली, की नवा डाग नेमका तिथं येऊ शकतो. म्हणजे तुम्ही उन्हाळाभर काय करत होतात, कळलं का?"

कळलं.

"डॉक्टरीणबाई," बायकोनं हळूच विचारलं, "हे माणसातून माणसाला..."

"नाही. शिवल्यानं नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, एका अंथरुणात झोपल्यानं नाही. रोज कोण घासत होतं? तुम्हीच ना? दाखवा हात." तिनं बायकोचे हात उलटसुलट करून पाहिले. "घट्टे आहेत. दुसरं काही नाही."

मलम मिळालं. एक रक्ताची तपासणी सांगितली. उजेडाच्या उपचाराला येत राहायला सांगितलं. महिनोन्‌महिने लागतील, चेहऱ्याला रंग येईल बहुतेक, बोटं आणि मनगट हट्टी असतात, तिथं नाहीही येणार, असं तिनं काही न लपवता सांगितलं. उन्हात त्या जागा भाजतात, जपा, म्हणाली. आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

परतीच्या एसटीत बायको आपले तळहात उलटसुलट करून बघत होती.

"म्हणजे निम्मे डाग मीच पाडले."

"आक्कानं सांगितलं म्हणून."

"वन्संनी सांगितलं, पण हात माझाच होता ना?"

"हो, हाताला जोर आहे तुझ्या," तो म्हणाला. "हे मात्र खरं."

ती रडायच्या बेतात होती, ती चिडली. चिडलेली बरी, असा त्याचा अनुभव होता.

पुढचा पावसाळा चांगला झाला. गव्हाची पोती घरोघर लागली. गिरणीवाल्यानं दगड उचलून छिन्नीनं त्यांना टाकी लावली, पट्टा ताणला, बेअरिंगला तेल दिलं आणि ओटा धुऊन तो वाट बघत बसला. डबे आले. ते डोक्यावरून, सायकलवरून, कमरेवरून आले आणि गिरणीसमोरून पुढं निघून गेले. दुष्काळ संपता संपता फाट्यावर एकानं नवी गिरणी टाकली होती. अर्ध्या तासाची चाल. उन्हात डोक्यावर गव्हाचा डबा घेऊन अर्धा तास चालणं सोपं नसतं. लोक चालत होते.

गिरणीसमोर आलं की प्रत्येकाला काहीतरी बोलावं लागे.

"फाट्यावर काम होतं, म्हटलं जाता जाता..."

"आमच्या ह्यांनाच हौस. नवं म्हटलं की झालं."

"तुमची गिरणी चालू झाली होय? कळलंच नाही हो."

ही शेवटची बाई भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण होती.

थोडे आले, ते नाइलाजानं आले. म्हातारे, लंगडे, डबा उचलायला घरात कुणी नसलेले. गिरणीची जुनी रीत होती. दळण सुरू झालं की गिरणीवाला गिरणीच्या तोंडाला बांधलेल्या कापडाखालून गरम पिठाची चिमूट घ्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा. गिऱ्हाइकानं चोळून सांगायचं, जाड की बारीक. आता त्यानं चिमूट पुढं केली की समोरचा हात पदरात जायचा, खिशात जायचा, पाठीमागं जायचा. "तुम्हाला बरं वाटेल तसं दळा," असं म्हणायचे. ज्या गावानं गिरणीवाल्याच्या बापापासून कधी एक दळण बिनतक्रार नेलं नव्हतं, ते गाव आता कशाचीच तक्रार करत नव्हतं. चिमूट तो पुन्हा कापडाखाली सोडून द्यायचा.

"डॉक्टरनं सांगितलंय, लागट नाही," बायको प्रत्येकाला सांगायची.

"छे छे, आम्ही कुठं म्हणतो?" प्रत्येकजण म्हणायचा.

गिरणी गेली तर घरात दुसरं काही नव्हतं. शेत नव्हतं आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं. आक्कानं यावर दोन उपाय काढले. वजरीनंतर ती काही दिवस गप्प होती, पण स्वभावाला औषध नाही.

पहिला उपाय आवाजाचा. "गिरणीचा आवाज आला की लोकांना वाटतं दळण चाललंय. दळण चाललंय म्हणजे कुणीतरी जातंय. कुणीतरी जातंय म्हटल्यावर बाकीचे जातात. गाव काय, मेंढरं काय." पण रिकामी गिरणी फिरवता येत नाही, दगडावर दगड घासून झिजतात. म्हणून गाईसाठी ठेवलेला मक्याचा भरडा नरसाळ्यात ओतायचा, खाली आला की पुन्हा वर ओतायचा. असं रोज. गिरणी दिवसभर घरघरत राहिली. भरडा एवढा बारीक झाला की गाय त्यात तोंड घालून शिंकली आणि जी बाजूला झाली ती पुन्हा वळली नाही. गाव मात्र फसलं नाही. एकच वास दिवसभर येतो म्हटल्यावर काय चाललंय ते कळायला गावाला डॉक्टर लागत नाही.

दुसरा उपाय शर्टाचा. गिरणीवाला जन्मभर अर्ध्या बाहीच्या बंडीत वावरला होता. पट्ट्याशेजारी काम करणारा माणूस अंगावर सैल काही घालत नाही. हे त्याला बापानं शिकवलं होतं आणि बापानं ते एका बोटाच्या बदल्यात शिकून घेतलं होतं.

"पूर्ण बाहीचा शिवून घे," आक्का म्हणाली. "दिसलं नाही की लोक विसरतात."

"पट्टा आहे तिथं, आक्का."

"मग बाही घट्ट शिवायला सांग."

शिंप्याला त्यानं तसं सांगितलं. शिंपी भला माणूस. त्यानं नको म्हटलं नाही. फक्त माप घ्यायची वेळ आली तेव्हा फीत गळ्यातच राहू दिली आणि दुकानाच्या आतूनच एक डोळा बारीक करून म्हणाला, "आलं अंदाजात. तुझं माप काय मला नवीन आहे?"

अंदाजातला शर्ट तयार झाला. खांदा दंडावर आला होता, बाही बोटांच्या पेरांपर्यंत. मनगटाला गुंडी होती, पण गुंडी लावूनही त्यातून दुसरं मनगट गेलं असतं. शिंपी म्हणाला, धुतल्यावर आटेल. गिरणीवाल्यानं तो धुतला. आटला नाही. पण सगळे डाग झाकले गेले म्हणून आक्का खूश होती आणि घरात कुणीतरी खूश असणं गरजेचं होतं.

शर्ट घालून तो भरडा दळत होता. ओट्याच्या पलीकडच्या टोकाला मास्तर पेपरमागे होते. बायको आत पोतं झटकत होती. पट्ट्याला लागलेला पिठाचा थर काढायला त्यानं हात पुढं केला, एरवी हजारदा करायचा तसाच. गुंडी पट्ट्याच्या सांध्यात अडकली.

बाही गेली, बाहीमागं हात निघाला. त्यानं दुसऱ्या हातानं खांब धरला.

"बंद कर!" मास्तर उठून ओरडले. "अरे, बंद कर! बंद कर म्हणतो ना!" वर्गात ओरडत तसेच, जागचे न हलता. गिरणीवाल्याची बोटं खांबावरून एकेक सुटायला लागली. मग मास्तरांचं काय झालं ते त्यांनाही पुढं नीट सांगता आलं नाही. ते धावले, त्यांनी शिवण उसवून उघड्या पडलेल्या त्याच्या दंडाला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि पाय भिंतीला लावून मागं ओढलं. आतून बायको बटणाकडे झेपावली. शर्ट खांद्यापासून फाटून पट्ट्याबरोबर चाकात गेला. दोघं पुरुष एकमेकांवर पडले. पट्टा फडफडत थांबला.

गिरणीवाल्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सोलला होता. हाड शाबूत होतं. बायकोनं पदर फाडून बांधला.

मास्तर उठले, स्वतःच्या हातांकडे पाहिलं आणि तडक हापशावर गेले. तिथं ते एवढा वेळ हात धूत राहिले की पाण्याला आलेल्या बायका कळशा घेऊन परत गेल्या.

ही गोष्ट दिवस मावळायच्या आत गावभर झाली, आणि गिरणीवाला वाचला यापेक्षा मास्तरांनी त्याला धरलं, याचीच चर्चा जास्त झाली. आता मास्तरांचं काय होणार? चहाच्या टपरीवर रोज सकाळी मास्तरांचे हात बघितले जाऊ लागले. सुरुवातीला मास्तर हात धोतरात घालून यायचे. कुणी म्हणालं नखाजवळ पांढरट दिसतंय, तर त्यांना दिवसभर अन्न गोड लागलं नाही. तो चुना निघाला. आठवडे गेले. हात तसेच, सुरकुतलेले आणि सावळे. मग मास्तर हात बाहेर काढून बसायला लागले. मग न विचारता दाखवायला लागले.

उन्हाळाभर रोज गिरणीवाल्याचं अंग घासलेल्या त्याच्या बायकोचे हात गावासमोरच होते. ते बघायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. बायकोचे हात कोण बघतो?

दळणं परत आली. मास्तरांच्या हातांमुळं आलो असं कुणी म्हणालं नाही. फाट्यावरच्या दगडाची कच येते म्हणे. तिथला माणूस उद्धट आहे म्हणे. ऊन फार झालं म्हणे. शेजारीण म्हणाली, "आपली ती आपली गिरणी," आणि डबा ठेवून सगळ्यांत पुढं उभी राहिली.

गिरणीवाला पुन्हा बंडीवर आला. सोललेला हात भरून आला आणि डॉक्टरनं सांगितलं होतं तसा तिथं मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा पट्टा उमटला. ओठाजवळचा डाग मात्र मलमानं बराच बुजला होता. बायकोनं नवा पट्टा पाहिला, मलमाची डबी काढली आणि लावून दिलं. आक्का म्हणाली, "त्यावर जरा..." आणि भावजयीनं नुसतं वर पाहिलं. आक्कानं वाक्य अर्ध्यात सोडलं. त्या घरात असं प्रथमच घडत होतं.

ओट्यावर आता रांग असायची आणि रांगेच्या मधोमध मास्तरांची खुर्ची. पेपर मिटलेला. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर.

"बघा. झालं का काही? असा धरला होता मी. उघड्या हातानं. दुसरा कुणी शिवला नसता."

लोक बघायचे. गिरणीवालाही आतून ऐकायचा. सकाळी ऐकायचा, दुपारी ऐकायचा. आपण एक माणूस आहोत, गिरणी चालवतो, हे सोडून आपल्याला शिवणं हा एक पराक्रम आहे, असं रोज कानावर पडत होतं. ज्यानं आपला जीव वाचवला त्याला काही बोलता येत नाही. तो पुष्कळ दिवस दळत राहिला.

मग एक दिवस मास्तर पुन्हा "असा धरला होता" म्हणाले आणि रांगेतल्या लंगड्या म्हाताऱ्यानं सहज विचारलं, "पण मास्तर, तुमच्या घरचं दळण कुठं असतं? इथं कधी दिसत नाही."

मास्तरांनी तळवे पालथे केले. "ते... घरात बायकांचा प्रश्न असतो. आमच्याकडं फाट्यावरचं पीठ मानवतं."

गिरणीवाल्यानं मोटर बंद केली. हात बंडीला पुसत तो बाहेर आला, मास्तरांसमोर उभा राहिला. मास्तर त्याच्या पांढऱ्या हाताकडं बघत होते.

"मास्तर, तुम्ही जीव वाचवलात. जिवंत आहे तोवर विसरणार नाही," तो म्हणाला. "आता उठा. डबे ठेवायला जागा लागते."

"मला उठवतोस?"

"सावली त्या टोकाला पण आहे. तुम्हाला माहीतच आहे."

मास्तर उठले, खुर्ची उचलली आणि सावलीत न जाता उन्हातून तरातरा घरी गेले. रांगेत कुणी हसलं नाही, हसायचं नंतरसाठी ठेवलं. "हे बरं नाही केलंस," शेजारीण म्हणाली. त्यानं तिचा डबा नरसाळ्यात उपडा केला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मास्तरांची बायको आली. कधी फारशी कुणात न मिसळणारी, बारकी, कमरेत वाकलेली बाई. कमरेवर डबा होता. ती कुणाशी न बोलता रांगेच्या शेवटी उभी राहिली. पुढच्यांनी जागा दिली, ती तिनं घेतली नाही. नंबर आला तेव्हा तिनं डबा पुढं सरकवला.

"मास्तर रागावले असतील," गिरणीवाला म्हणाला.

"मला विचारून मानवतं म्हणाले होते का?" ती म्हणाली. "पीठ मी मळते. फाट्यापर्यंत मलाच पाठवतात, गुडघे गेले माझे. बारीक दळा. त्यांना दात नाहीत."

गिरणीवाल्यानं मोटर चालू केली आणि दगडाचा स्क्रू अर्धा फेर आवळला.